उखडलेला ठिपका

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

माझं अक्षर दिसलं तर तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता आत्याकडून लिहून घेतलाय. एवढी लबाडी पोटात घाल. तू फोन घेत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, मग मी करायचं काय?

बाबा आहेत तसेच आहेत. सकाळी खुर्चीत बसवतो, जेवण झालं की आडवं करतो. उजवा हात थोडासा उचलतात. वाचा काही परत आली नाही. आत्या म्हणते, तुझं नाव काढलं की डोळे मिचकावतात. मला तरी तसं कधी दिसलं नाही. माझ्यासमोर मिचकावत नसतील.

दुकान उघडं आहे, एवढंच म्हणता येईल. समोर मोबाइल रिपेअरिंगचं नवीन काचेचं दुकान झालंय, सगळी गर्दी तिकडे. माझ्याकडे येतात ते स्क्रीन फुटलेले, नाहीतर चार्जिंगचं भोक सैल झालेले. बारीक काम येत नाही. आलं तरी मी घेत नाही. अजूनही एखादा दारातूनच विचारतो, "ताई आहेत का?" मी नाही म्हटलं की वळतो आणि समोर जातो.

आता मुद्द्याचं. शनिवारी टेलरबाई आल्या होत्या. तुला आठवतात का, असं विचारणंही मूर्खपणाचं आहे. तोच फोन, त्याच फुलाफुलांच्या कापडी पिशवीत. केस बरेच पांढरे झालेत. बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "ताईंनी घरी येऊन सांगितलं होतं, यंत्रं सुधारत असतात, तीन-चार वर्षांनी परत विचारा. चार झाली. म्हणून आले."

तू त्यांच्या घरी गेली होतीस, हे मला शनिवारी कळलं.

मी फोन ठेवून घेतला. बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला. तारा जोडायच्या सहा ठिपक्यांपैकी पाच चांगले आहेत. सहावा, डेटाचा, ज्या जागी होता तिथे नुसता खड्डा आहे. पण चिप शाबूत असावी असं वाटतं. त्या खड्ड्याला कुठून तरी वळसा घालून जाता आलं, तर कदाचित जमेल. माझा हात तेवढा चालत नाही. तुझा चालतो. येतेस का? निदान कसं करायचं ते तरी कळव.

आपल्यात झालं ते झालं. बाईंसाठी तरी.

छोट्या


१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

नऊ दिवस झाले. बाई काल पुन्हा येऊन गेल्या. काही विचारलं नाही. शिवायला आलेली कापडं पोचवायला निघाले होते, वाटेत थांबले म्हणाल्या. तुझ्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसल्या आणि उठून गेल्या.

त्या पहिल्यांदा आल्या तो दिवस सारखा आठवतोय. आधी दोन दुकानांत फोन दाखवून झाला होता. हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये बादलीत पडलेला फोन, त्यात त्या दोघांनी बोर्डावर गरम हवा मारून त्याचा पापड करून ठेवलेला. तू उघडलास आणि म्हणालीस, "हा काही आता चालू व्हायचा नाही." बाई म्हणाल्या, "चालू नकोच आहे मला. नवा घेता येईल. आतली माझी बडबडी पाहिजे."

सहा वर्षांची मुलगी. जाऊन तेरा दिवस झाले होते. आठ महिने आजारी होती आणि त्या आठ महिन्यांत फोनवर तिचे जे व्हिडिओ काढले होते, तेवढेच त्यांच्यापाशी होते.

मग तू त्यांना समजावलंस. ते तुझं बोलणं मी नंतर किती गिऱ्हाइकांना आपलं म्हणून ऐकवलंय, सांगायची लाज वाटते. तू म्हणालीस, "बाई, फोन मेला तरी त्याची आठवण वेगळ्या चिपमध्ये असते. फोन बनवतात तेव्हा कारखान्यातली माणसं तपासणीसाठी बोर्डावर तांब्याचे बारके ठिपके ठेवतात. खसखशीपेक्षा लहान. टेस्ट पॉइंट म्हणतात त्यांना. फोन विकला गेला की त्यांचं काम संपलं, कुणी त्यांच्याकडे बघत नाही. पण त्यातले सहा ठिपके थेट त्या चिपपर्यंत जातात. त्यांना केसाएवढ्या तारा जोडल्या की चिप जागची न हलवता आपल्याला वाचता येते. तुमचा फोन जुना आहे, आतल्या मजकुराला कुलूप नाही, हे आपलं नशीब."

"म्हणजे मिळेल?" बाई म्हणाल्या.

तू कधीच कुणाला हो म्हणायची नाहीस. "बघू" म्हणायची, "सांगता येत नाही" म्हणायची. त्या दिवशी तू म्हणालीस, "मिळेल."

मला तेव्हाच वाटलं होतं, ताईनं हे बोलायला नको होतं.

एक गोष्ट मी तुला तेव्हा सांगितली नव्हती. त्या दुपारी तू बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलीस, जाताना "टेबलाला धक्कासुद्धा लावू नकोस" म्हणालीस. मी चिप वाचायचा बॉक्स चालू केला होता. फक्त पाहायला. लगेच बंद केला.

आणि दुसरं. तो ठिपका उखडल्यावर मी तुला म्हणालो होतो ना, "यापुढे बारीक काम मी बघतो, तू काउंटरवर बस." ते मी बोलायला नको होतं. ज्या बाईनं मला सोल्डरची कांडी धरायला शिकवली, तिला मी पावत्या फाडायला बसवलं. तीन आठवडे तू निमूटपणे फाडल्यास. मग एके सकाळी तुझी बॅग दाराशी दिसली. त्या तीन आठवड्यांत तू एकदा जरी माझ्या कानाखाली वाजवली असतीस तर बरं झालं असतं.

उत्तर दे गं. दोन ओळी चालतील.

छोट्या


१९ फेब्रुवारी

छोट्या,

दोन्ही पत्रं मिळाली. फोनवर सांगितलं असतं, पण सोबत चित्र पाठवायचं होतं, म्हणून लिहितेय. दुसरा कागद उघड. घडीवर रेघ आलीय तिच्यावर जाऊ नकोस, ती वाट नाही.

डेटाचा ठिपका गेला तरी त्याच्यामागून एक बारीक वाट निघते. ती चिपच्या खालून येऊन एका रेझिस्टरच्या डाव्या टोकाला मिळते. तो रेझिस्टर तांबूस रंगाचा आहे, त्याच्या शेजारी दोन काळे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. डाव्या टोकावर तार बसवली की ठिपक्याची गरजच नाही. मला हे तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं इथे आल्यावर, दुसऱ्या वर्षी, खोक्यांना पट्टी मारताना. मग गोदामातल्या एका पोराचा तसलाच बंद फोन मागून घेतला आणि उघडून पाहिला. वाट आहे. मी चार वर्षं तो बोर्ड डोळ्यांसमोर धरून बसलेय म्हण ना. झोप नाही आली की त्यावरून हिंडते.

तुला कळवायचं मनात यायचं. पण मग वाटायचं, ज्या हातानं बाईंचं वाटोळं केलं त्यानं पुन्हा अक्कल शिकवू नये.

तू बॉक्स चालू केला होतास ते सांगितलंस, बरं केलंस. नुसता चालू केल्यानं काही होत नसतं. ते मनातून काढून टाक. ठिपका माझ्यामुळेच सैल झाला. कांडी तीनशेवीस डिग्रीवर होती असं मला आठवतं, पण कधीकधी वाटतं तीनशेचाळीस असेल. घाई होती, बाबांची वेळ दीडची होती. तार सुटून आली ती त्यामुळेच. काउंटरवर बस म्हणालास तेही योग्यच होतं. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं.

इथे दोन ठिकाणी रिपेअरिंगच्या कामाला बोलावलं होतं. मी म्हटलं, माझा हात जड आहे.

रजा मागितलीय. पाच मार्चला पोचते, दोन दिवस आहे. तू काही करू नकोस, बोर्ड झाकून ठेव. बाईंचा नंबर माझ्यापाशी होता, त्यांनाही फोन केला. आधी तारीख दोनदा विचारली. मग म्हणाल्या, "या. मी त्या दिवशी मशीन बंद ठेवते."

बाबांना सांग, येतेय. मिचकावतात की नाही ते नीट बघ.

ताई


२४ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

येऊ नकोस.

तुझं पत्र परवा आलं. ते चित्र मी टेबलावर पसरलं आणि काच ठेवली त्याच्यावर. तांबूस रेझिस्टर, शेजारचे दोन काळे, सगळं बरोबर आहे. वाट बरोबर आहे. पण ज्या घरी ती जाते तिथे कोणी राहिलेलं नाही. चिप मेलेली आहे. मी तुला शाबूत आहे लिहिलं, ते खोटं होतं. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं. तू यावीस म्हणून लिहिलं. तू येशील, खटपट करशील, जमणार नाही, मग आपण दोघं मिळून बाईंना नाही म्हणू, आणि या निमित्तानं तू दुकानात तरी बसशील, असं काहीतरी डोक्यात होतं. तू त्यांना फोन करशील, हे नव्हतं.

आता सगळं लिहितो.

त्या दिवशी तू सहा तारा बसवल्यास. चाळीस मिनिटांत. बॉक्सला चिपनं ओळख दिली, बाईंच्या फोनमधल्या फायलींची यादी पडद्यावर आली, तेव्हा तू मला हाक मारून दाखवलीस. "चारशे बारा आहेत बघ. आल्यावर उतरवते." आणि बाबांना घेऊन गेलीस.

बाई दोन वाजता येणार होत्या. ताई, मला वाटलं, त्या येतील तेव्हा मी त्यांच्या हातात द्यावं. "घ्या बाई, काढलं मी." एकदा. त्या गल्लीत दुकान आपल्या दोघांचं होतं, पण लोकांच्या तोंडी नाव तुझंच. मी म्हणजे ताईंचा भाऊ, काउंटरवरचा. तू कधी तसं वागली नाहीस, हे खरं आहे. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

मी उतरवायला सुरुवात केली. चार मिनिटांत अडकलं. पुन्हा केलं, पुन्हा अडकलं. आता कळतं की थोडं थांबायला हवं होतं, वेग कमी करायला हवा होता. मी मात्र कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं की अडेल घोड्याला टाच मारावी तसं व्होल्टेज वाढवलं की चिप चालते. तू एक पॉइंट आठवर ठेवलं होतंस. मी तीन पॉइंट तीन केलं.

आवाज नाही, धूर नाही. पडद्यावरची यादी गेली आणि "चिप सापडत नाही" असं आलं. बोट लावलं तर चटका बसला.

मी ते परत एक पॉइंट आठवर आणून ठेवलं. मग तुझा चिमटा घेतला, डेटाच्या ठिपक्यावरची तार धरली आणि ओढली. तुझा सांधा किती पक्का होता सांगू? पहिल्या ओढीला सुटला नाही. दुसऱ्या ओढीलाही नाही. तिसऱ्या वेळी ठिपकाच तारेबरोबर उपटून आला. खड्ड्याच्या कडेला चिमट्याचा ओरखडा अजून आहे. तुला तो दिसला नाही, कारण सव्वादोनला बाई आल्या, मी त्यांना सांगितलं, "ताईनं जास्त गरम केलं होतं, ठिपका सुटून आला," आणि तू बाबांना धरून आत शिरलीस तेव्हा त्या पायरीवर बसून ओरडत होत्या. त्यांनी तुला जे जे म्हटलं ते मी काउंटरच्या मागे उभा राहून ऐकलं. मग फोन तसाच उचलून गेल्या.

तू त्या गेल्यावर मला एकच विचारलंस, "छोट्या, तू हात लावला होतास?"

मी म्हणालो, "बाबांची शपथ."

बाबा तिथेच होते. औषध घातल्यामुळे डोळे मिटून बसले होते. पाचव्या महिन्यात त्यांची वाचा गेली. डॉक्टरांनी कारण सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. मला ते पटतं आणि पटत नाही.

तीनशेवीस की तीनशेचाळीस, याचा विचार तू चार वर्षं करतेयस. तीनशेवीसच होती. कांडीच्या पडद्यावर मी पाहिली होती.

आता येऊ नकोस. बाईंना मी सांगतो.


१ मार्च, शनिवार

वरचं पत्र अजून खणातच आहे. पेटीपर्यंत दोनदा जाऊन आलो. बाईंनाही सांगितलेलं नाही. काल त्या दुकानावरून गेल्या, हात केला. हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.


३ मार्च, सोमवार

आज टाकतो. तू निघायच्या आत मिळेल का, ते ठाऊक नाही. फोन करतोय, तू नेहमीसारखा घेत नाहीस.

छोट्या


१० मार्च, सोमवार

ताई,

मी पत्र टाकलं होतं, हे तुला आता घरी पोचल्यावर कळलं असेल. शिक्क्यावर तारीख असेल. त्यानं काही फरक पडत नाही, मला माहीत आहे. जे माणूस पकडलं गेल्यावर कबूल करतं त्याच्यासारखाच मी. तरी पण तारीख बघ.

बुधवारी तू आलीस, बाबांच्या पायांशी पाच मिनिटं बसलीस आणि सरळ टेबलाशी गेलीस. मी दारातच विचारलं, "पत्र मिळालं?" तू म्हणालीस, "कुठलं? ते नंतर बोलू. बाई येतीलच." तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. तू एवढ्यात मायक्रोस्कोपचा दिवा लावला होतास, आणि चार वर्षांत कुणी त्या स्टुलावर तसं बसलं नव्हतं. मला वाटलं, पाच मिनिटं बसू दे. मग वाटलं, पहिली तार होऊ दे.

बाई आल्या, बाकावर बसल्या. मांडीवर डबा होता, तुझ्यासाठी आणलेला. तू सोल्डर लावत होतीस. तार तुझ्या चिमट्यातून सुटत होती. एकदा, दोनदा. तू बोटं झटकायचीस, पुन्हा धरायचीस. मी घड्याळाकडे बघायचं नाही ठरवलं होतं, पण बघत होतो. साडेदहाला बसलेली तू, सहावी तार तांबूस रेझिस्टरच्या डाव्या टोकावर बसली तेव्हा अडीच वाजले होते.

बॉक्स लावलास. काही नाही. पुन्हा लावलास. मग मीटरवर करंट पाहिलास आणि तुझी मान वर आली. चिपवर बोट ठेवलंस, उचललंस. ठिपका उखडला म्हणून चिप तापत नाही, हे मला कळतं तर तुला का नाही कळणार. तू बोर्ड मायक्रोस्कोपखाली सरकवलास आणि खड्ड्याच्या कडेला खूप वेळ बघत राहिलीस. नंतर माझ्याकडे न बघता जुन्या कॉम्प्युटरकडे गेलीस.

बॉक्स प्रत्येक कामाची नोंद ठेवतो, हे मला ठाऊक होतं की नव्हतं, आता आठवत नाही. मी ती कधी उघडली नाही. तूही उघडली नव्हतीस, कारण तुला गरजच नव्हती, मी शपथ घेतली होती. तू त्या दिवसाची नोंद काढलीस आणि बोटानं एकेक ओळ खाली येत गेलीस. बारा वाजून अठ्ठावन्न, यादी. एक वाजून एकवीस, उतरवणं सुरू. एक पंचवीस, अडकलं. एक एकोणतीस, पुन्हा अडकलं. एक चौतीस, तीन पॉइंट तीन. एक वाजून चौतीस मिनिटांनी तू डॉक्टरच्या बाहेर बाबांची काठी धरून बसली होतीस.

तू ओरडशील असं वाटलं होतं. तू इतकंच म्हणालीस, "बाईंना सांग."

"ताई, मी..."

"मला नको सांगूस. त्या बसल्यात तिकडे. त्यांना सांग."

मी सांगितलं. धड एक वाक्य नीट आलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सगळं तुझ्याकडे बघून ऐकलं. माझं बोलून झाल्यावर तुला विचारलं, "म्हणजे त्या दिवशी सगळं होतं?"

"होतं."

"तुम्ही पाहिलंत?"

"नावं पाहिली. फायलींची."

"एखादा तरी उघडून बघितलात? ती दिसली तुम्हाला?"

"नाही बाई. मला बाबांना न्यायचं होतं."

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला हात तुटो म्हणाले होते." तू म्हणालीस, "राहू द्या." त्यांनी डबा बाकावरच ठेवला आणि गेल्या. फोनही ठेवून गेल्या.

तुझी दोन दिवसांची रजा होती, तू त्याच संध्याकाळी निघालीस. स्टँडवर मी मागे मागे आलो. धीर करून विचारलं, "आता तरी तिकडे रिपेअरिंगचं काम घेशील? आता तुला कळलंय ना, तुझी चूक नव्हती." तू उजवा हात माझ्यापुढे धरलास. बोटांची पेरं जाड झालीयेत, अंगठ्याला पट्टीनं कापल्याचे घट्टे आहेत. "सहा तारांना चार तास," म्हणालीस. "खोकी उचलून उचलून बोटांना काही कळेनासं झालंय रे. मी पत्रात जड म्हटलं तेव्हा तसा नव्हता तो. तसं म्हणत म्हणत झाला." आणि गाडी लागली.

जाताना तू बॉक्सच्या नोंदीतली फायलींची यादी छापून जी पानं दिली होतीस आणि सांगितलं होतंस, "नेऊन दे. नुसतं दारातून देऊन पळू नकोस. त्या वाचेपर्यंत बस," त्याचं काय झालं ते कळवायला हे पत्र आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

गुरुवारी सकाळी गेलो. एक खोली, खिडकीशी मशीन, दोरीवर गिऱ्हाइकांची कापडं. बाईंनी दार उघडलं, मला आत घेतलं, स्टूल दिलं. मला वाटलं हाकलून देतील. त्यापेक्षा हे वाईट होतं.

मी पानं दिली. अकरा पानं, चारशे बारा ओळी. म्हणालो, "यात फक्त नावं आहेत. कधी काढलं ती तारीख, वेळ. आणि शेवटी किती लांबीचं ते." त्यांनी चष्मा लावला, मशीनवरची कापडं बाजूला सारली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

ताई, त्यांना आठवत होतं. सगळं नाही, पण बरंच. "सकाळी दहा चाळीस. हा दात पडला त्या दिवशीचा. दाखवत होती." "हा नर्सबाईंची नक्कल." "इथं सलग सात आहेत बघा, पाहुणे आले होते, प्रत्येकाला तेच गाणं म्हणून दाखवलं हिनं." एखादी ओळ आठवली नाही की बोट तिथे थांबायचं, नखानं कागदावर दोनदा टकटक करायच्या आणि पुढे जायच्या. मध्ये उठून मला पाणी दिलं. मी किती वेळ बसलो होतो कळलं नाही, ऊन खिडकीतून मशीनवर आलं होतं.

शेवटच्या पानावर शेवटच्या ओळीशी आल्या आणि म्हणाल्या, "हा माझा नाही."

मी म्हटलं, "तुमच्याच फोनमधला आहे."

"हो, पण मी काढलेला नाही. बुधवार दुपारी तीन दहा. मी खाली औषधं आणायला गेले होते. रांग होती. एकटीला भीती वाटेल म्हणून फोन तिच्यापाशी ठेवला होता. संध्याकाळी तो बादलीत पडला. शुक्रवारी ती गेली." मग कागद माझ्याकडे फिरवला. "हा शेवटचा आकडा म्हणजे किती लांब?"

मी आकडा पाहिला. मनात हिशेब केला, पुन्हा केला. खोटं सांगावं असं वाटलं. पाच सेकंद म्हणावं, चुकून बटण दाबलं असेल म्हणावं. तेवढं सोपं होतं ते, आणि कदाचित दयेचंही होतं.

"अकरा मिनिटं," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "अकरा मिनिटं," म्हणाल्या. "एकटीच होती. कुणाशी बोलली असेल हो? काय बोलली असेल?"

मी स्टुलावर बसून राहिलो. त्यांनी चष्मा पुसला, पानं सारखी केली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

छोट्या